नाताळ २५ तारखेला संपत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नाताळानंतरचे २६, २७, २८ डिसेंबरचे सणही घरात पाळावेत, या माझ्या म्हणण्यावर एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप तीन: सण चर्चमध्ये होतात, मग घरात वेगळा पसारा कशाला, रोजचा नवा सण म्हणजे घरच्या बाईला आणखी काम, आणि गोठ्यासमोर, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासमोर, बाळ येशूला संपवण्यासाठी हेरोद राजाने करवलेली बेथलेहेमच्या बाळांची हत्या मुलांना सांगणं क्रूर आहे.

पहिल्याचं उत्तर छोटं. २६, २७, २८ डिसेंबरला, रविवार नसेल तर, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाण्याची सक्ती नसते. अनेक जण कामावर असतात. हे सण घरात पाळले नाहीत तर त्यांच्यापुरते ते कुठेच होत नाहीत. कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा, म्हणजे घरातलं चर्च, म्हणणारीही मी पहिली नव्हे. कॅथलिक धर्माध्यक्षांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच तसं म्हटलंय.

कामाचं म्हणाल, तर जेवणाआधी एक मेणबत्ती, बायबलमधला एक उतारा, एक प्रार्थना. उतारा मुलं वाचतील. गोठा तुम्ही २६ लाच आवरता म्हणालात. तो जानेवारीतल्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत राहू द्या, तेवढंच काम पुढे ढकललं! बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून निघालेले ज्ञानी, मागी लोक, अजून पोहोचायचेत.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी ख्रिस्तसभा संत स्तेफनची आठवण करते: दगडांचा मारा होत असताना मारणाऱ्यांसाठी क्षमा मागणारा पहिला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणारा. २७ ला येशूचा शिष्य संत योहान, २८ ला बेथलेहेमची निष्पाप बालकं. हा क्रम मी लावलेला नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात मागींच्या भेटवस्तू आणि हेरोदाचा हुकूम एकाच अध्यायात आहेत. आपण भेटवस्तू ठेवतो, हुकूम गाळतो, आणि उरतं ते नुसतं गोंडस बाळ.

लहानग्यांना तलवारीचं वर्णन अर्थातच नको. राजा घाबरला, योसेफ रातोरात आई-बाळाला घेऊन मिसरला निघाला, मागे राहिलेल्या बाळांसाठी आज प्रार्थना करू. पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. मोठी मुलं विचारतील, बेथलेहेमच्या सगळ्या बापांमध्ये स्वप्नात इशारा फक्त योसेफलाच का? विचारू दे. त्याचं गुळगुळीत उत्तर माझ्याकडे नाही, आणि असल्यासारखं दाखवूही नये.

२८ तारीख रविवारी आली तर त्या दिवशी पवित्र कुटुंबाचा, म्हणजे येशू, मारिया आणि योसेफ यांचा, सण असतो, हेही लक्षात असू द्या. एरवी सगळे दिवस जमणार नसतील तर बाकीचे खुशाल सोडा. २८ तेवढा ठेवा.