कट संपला की हॉटेल बंद

गेल्या रविवारी दुपारी साडेबाराला कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या मिसळीच्या हॉटेलात एक गृहस्थ मालकांवर ओरडत होते. पहाटे पुण्याहून निघालेले, सोबत बायको, दोन मुलं आणि म्हातारे आईवडील. अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत वेळ गेला आणि इथं येऊन बघतात तर पातेलं घासायला गेलेलं. मालक हात जोडून सांगत होते, "साहेब, कट संपला. उद्या सकाळी या, तुमच्यासाठी काढून ठेवतो." गृहस्थ म्हणाले, "एवढी गर्दी आहे तर जास्त का करत नाही? धंदा करायची अक्कल नाही तुम्हाला." आणि निघून गेले. संध्याकाळी मालकांच्या मुलानं मला मोबाइलवर दाखवलं. एक स्टार. "उद्धट मालक. दुपारी बारालाच माल संपतो."

मी तेव्हा शेवटच्या प्लेटवर होते. मध्ये बोलायला हवं होतं, बोलले नाही. चार दिवस ते मनातून जात नाही, म्हणून इथं लिहिते.

बारा-साडेबाराला संपतं, म्हणूनच ते हॉटेल चांगलं आहे. कट म्हणजे मिसळीवर सोडायचा झणझणीत रस्सा. तो कसा होतो ते बघितलेला माणूस "जास्त का करत नाही" असं विचारणार नाही. कांदा, सुकं खोबरं, तीळ, आलं-लसूण भाजून वाटायचं. त्यात घरची कांदा-लसणाची चटणी. आम्ही तिला चटणीच म्हणतो, बाहेरगावचे मसाला म्हणतात. ती चटणी म्हणजे अख्ख्या उन्हाळ्याचं काम. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी झणक्याला. मिरच्या आणायच्या, उन्हात कडक करायच्या, देठं काढायची, डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, नेऊन कुटून आणायची. डंकावर उभं राहावं लागतं, नाहीतर आपली चटणी दुसऱ्याच्या डब्यात जाते. या चटणीवर पहाटे चारला कट चढतो आणि सहा-सातपर्यंत मुरतो. मग पुढचे चार-पाच तास तो उत्तम असतो. दुपारनंतर आटत जातो, खारट होतो. पाणी घालून वाढवला तर मोडतो, तेल एकीकडं आणि रस्सा एकीकडं. दुपारी नवा चढवायचा तर चारला उठलेल्या माणसांनी पुन्हा चुलीपुढं उभं राहायचं. त्यापेक्षा ते पातेलं घासतात, घरी जातात, झोपतात. यात उद्धटपणा कुठं आला?

वाढणाऱ्याचा हात बघत मी कितीतरी सकाळी उभी राहिले आहे. डाव्या हातात प्लेट. मटकी, तिच्यावर बटाट्याची भाजी, मूठभर चिवडा, वर शेव, कांदा, कोथिंबीर. मग पळी पातेल्याच्या कडेनं आत जाते. तो कट ढवळत नाही. पळी तिरकी करून वरचा तवंग थोडा आणि खालचा रस्सा जास्त असा एकाच फेऱ्यात उचलतो आणि शेवेवर न ओतता प्लेटच्या काठानं सोडतो. म्हणजे शेव वरच राहते, कोरडी. शेजारी ब्रेडचे जाड काप, लादीपाव नव्हे. पहिला घास घ्यायला तुमच्याकडं दोन मिनिटं असतात. त्यानंतर ती मिसळच असते, पण वेगळी.

माझ्या आईला ही कोरडी शेव वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळली. तिचं माहेर शुक्रवार पेठेत, सासर मंगळवार पेठेत, सगळा जन्म कोल्हापुरात. पण बाईनं मिसळीच्या हॉटेलात बसायचं नाही, एवढंच तिच्या घरात ठरलेलं. कुणी मोठ्यानं कधी सांगितलं नसेल, सांगायची गरजच नव्हती. रविवारी भावाला कडीचा डबा देऊन पाठवायचे, तो घरी येईपर्यंत सगळं भिजून एकजीव झालेलं. बायका स्वयंपाकघरात तेच खायच्या, तेही पुरुषांचं झाल्यावर. मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगाराच्या रविवारी मी तिला उद्यमनगरात फडतऱ्यांकडं मिसळ खायला घेऊन गेले. आजूबाजूला लेथ मशीनची दुकानं, रात्रपाळी संपवून आलेले कामगार, रांग रस्त्यावर. ती पदर सावरत बाकाच्या टोकाशी बसली, निम्मी बाकावर, निम्मी अधांतरी. पहिला घास खाल्ला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "शेव कुरकुरीत असते व्हय गं?"

मला त्या दिवशी रडू आलं. आजही हे लिहिताना येतंय.

म्हणून बाक ही गोष्ट माझ्यासाठी साधी नाही, आणि या गावासाठी तर नाहीच नाही. कोल्हापुरात हॉटेलच्या बाकावर कोण कुणाशेजारी बसतो यावरून खरी लढाई झालेली आहे. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेतले नोकर. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितलं, पैसे दिले. भाऊसिंगजी रोडवर त्यांचं चहाचं हॉटेल उभं राहिलं, नाव 'सत्यसुधारक'. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला लोक तयार नव्हते. तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. राजानं नुसते हुकूम काढले असते तर समता कागदावर राहिली असती. त्यानं कपबशी हातात घेतली. या रस्त्यावरनं जाताना मला दर वेळी ते आठवतं.

आज मिसळीच्या हॉटेलात टेबल आपलं नसतं. चौघांच्या जागेत सहाजण बसतात, समोर कोण आहे ते विचारायची पद्धत नाही. हमाल, वकील, तालमीतनं आलेली पोरं, कुणाची तरी आजी. बावड्याला जा, खासबागेत जा, चोरग्यांकडं जा, चव प्रत्येकाची वेगळी. कुठली श्रेष्ठ यावर घराघरात भांडणं आहेत. मी बावड्याची. माझा भाऊ फडतऱ्यांचा. यावर आमचं कधी जमलं नाही आणि जमणारही नाही. पण बाक सगळीकडं तोच. कुणी आत आलं की आधीचे दोघं न सांगता सरकतात.

घरपोच मागवताना नेमकं हेच सुटतं. वेळही सुटते आणि बाकही.

वेळेचं मला एका पांढऱ्या रश्श्यानं शिकवलं. आमच्या ओळखीच्या एक काकू खानावळ चालवतात. घरातल्याच पुढच्या खोलीत चार टेबलं, दुपारी बारा ते तीन आणि रात्री आठ ते दहा. नवरा लवकर गेला, तेव्हा शेजारच्या दोन कॉलेजच्या पोरांना डबा देण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. भाकरी, सुकं, तांबडा, पांढरा, दही-कांदा. पांढऱ्याला मटणाचं अळणी पाणी, खसखस, तीळ, काजू, खडा मसाला. नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, तेही मंद आचेवर, आणि त्यानंतर उकळी फुटू द्यायची नाही. काकू तेवढा वेळ पातेल्याजवळनं हलत नाहीत. फोन आला तरी उचलत नाहीत. दोन वर्षांपूर्वी पावसात मी आळस केला आणि ॲपवरून त्यांच्याकडचंच जेवण मागवलं. पोरगा बिचारा भिजत आला, पण पाऊण तास गेला होता. पांढरा गार. मी तो गॅसवर ठेवला, आच जरा जास्तच लागली आणि रस्सा फुटला. वर पाणी, खाली दाणे. मी काकूंना फोन करून माफी मागितली. माफी मागायला मला लाज वाटली नाही, कारण त्यांची सकाळ मी वाया घालवली होती. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात गेले तर फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं: पार्सलमध्ये पांढरा मिळणार नाही. त्या फळ्यामुळं त्यांच्या ऑर्डरी घटल्या. ॲपवाले प्रत्येक ताटामागं कापून घेत होते ते वेगळंच. शेवटी त्यांनी ॲप बंदच केलं. माझ्या मते त्यांनी योग्य केलं. आता मी आठवड्यातून एकदा छत्री घेऊन जाते आणि पांढरा तिथंच पिते, दोन वाट्या.

ज्यांना मटणाचं ताट खायचंय पण अशा घरगुती खानावळी माहीत नाहीत, त्यांनी लक्ष्मीपुरीत पद्मा गेस्ट हाऊसला जावं. गर्दी असते, थांबावं लागतं. थांबा.

थांबणं शिकायचं असेल तर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. म्हैस तिथंच उभी. तुम्ही सांगितल्यावर धार काढतात आणि ग्लास हातात देतात, फेसासकट, अजून अंगाची ऊब असलेलं. माझे वडील तालमीतले. पहाटेची मेहनत करून तिथं उभ्यानं दूध प्यायचे. मी सहा वर्षांची असताना त्यांनी मला खांद्यावरून उतरवून पहिला ग्लास दिला. मला तो जड झाला, दोन्ही हातांनी धरला, निम्मं दूध फ्रॉकवर सांडलं. ते रागावले नाहीत, दुसरा ग्लास सांगितला. वडील आता नाहीत. त्या कट्ट्यावर मी महिन्यातून एकदा तरी जाते.

आणि संध्याकाळची खासबाग. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून पुरं केलेलं कुस्तीचं मैदान, त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह, आणि बाहेर राजाभाऊंची भेळ. भडंगाची भेळ, कैरीचे दिवस असतील तर वर कैरी. नाटकाच्या आधी भेळ आणि नाटक सुटल्यावर सोळंकींचं कॉकटेल आइस्क्रीम, असा आमच्या घरचा क्रम असायचा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं, तेव्हा अर्धं गाव तिथं उभं होतं. कितीतरी लोक रडत होते. मीही होते. जिथं कागदाचे पुडे हातात घेऊन आम्ही तिसऱ्या घंटेची वाट बघायचो, तिथं उभं राहून धूर बघितला.

सगळं गोड गोड लिहिणार नाही. या हॉटेलांवर माझं प्रेम आहे, म्हणून काही गोष्टी बोलणं भाग आहे. बायकांसाठी स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी नाही, असलं तर त्याला कडी नाही. माझी आई म्हणूनच एका तासाच्या वर घराबाहेर थांबत नाही. वाढणारी पोरं कुठल्या गावची, त्यांना पगार किती, सुट्टी कधी, हे आम्ही गिऱ्हाइकांनी कधी विचारलेलं नाही. रस्सा दहा वेळा मागतो, पण वाढणाऱ्याचं नाव विचारत नाही. आणि काही जागी उकळता रस्सा प्लास्टिकच्या पिशवीत भरून देतात, ते थांबलंच पाहिजे. कडीचा डबा घेऊन जाणारी माणसं शहाणी होती.

पण "शाखा काढा, दिवसभर चालू ठेवा, मोठं व्हा" हे सल्ले आता पुरे करूया. ज्यांना जमलं त्यांनी शाखा काढल्या, त्यांचं कौतुक आहे. ज्याला एका पातेल्यापुरतंच करायचंय, त्याला ते करू द्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला, महामार्ग बंद पडला, दूध-भाजी-पेट्रोल येईना. आमच्या गल्लीत वर येऊन राहिलेल्या तीस-पस्तीस माणसांना पाच दिवस भात-आमटी कुणी घातली? त्याच काकूंनी. त्यांच्या चार टेबलांच्या खोलीत टेबलं उचलून लोक झोपले होते. घरात किती तांदूळ आहे, किती पुरेल, हे त्यांना मापानं माहीत होतं, कारण त्या रोज तेवढंच करत होत्या.

त्या रविवारच्या दादांना मला सांगायचंय. तुमचे आईवडील थकलेले होते, मुलांना भूक लागली होती, तुमचा राग मला कळला. पण पुढच्या वेळी आदल्या रात्री मुक्कामाला या. दर्शनाआधी मिसळ, सकाळी साडेसातला. मालकांनी "तुमच्यासाठी काढून ठेवतो" म्हटलं ते खरंच म्हटलं होतं. सोमवारी त्यांनी दहा वाजेपर्यंत सहा प्लेटांची मटकी बाजूला ठेवली होती, मला त्यांच्या मुलानं सांगितलं.

आई आणि मी बहुतेक रविवारी आठच्या आत तिथं असतो, दाराजवळच्या बाकावर. आई आता बाकावर पूर्ण बसते, मांडी घालून. तुम्ही आलात तर "सरका की जरा" म्हणा. आम्ही सरकतो.