ऑपरेशन झटपट, निदान मात्र रखडलेलं

गायनॅक विभागात गेल्या काही दशकांत सगळ्यात जास्त काय बदललं, तर ऑपरेशन. दुर्बिणीतून गर्भाशयाची पिशवी पहिल्यांदा काढली गेली १९८८ मध्ये. तोवर पोट उघडायचं, आठवडाभर कॉटवर पडून राहायचं. आता तीन-चार छिद्रं पाडतात आणि दुसऱ्या दिवशी, कधीकधी त्याच संध्याकाळी डिस्चार्ज. याचं कौतुक मलाही आहे. (अर्थात नवं ते चांगलंच असं नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीपेक्षा पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर बायका जास्त जगतात, हे २०१८ च्या मोठ्या चाचणीत दिसलं आणि सर्जन मंडळींना चांगलाच धक्का बसला.)

माझी तक्रार वेगळी आहे. ऑपरेशनसाठी दवाखान्यात राहायचा वेळ दिवसांवरून तासांवर आला, पण नेमकं झालंय काय हे कळायला अजूनही वर्षं जातात.

एंडोमेट्रिओसिसच घ्या. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, ओव्हरीवर, आतड्यावर वाढतो. जगात सुमारे १९ कोटी बायका-मुलींना हा आजार आहे आणि निदानाला ४ ते १२ वर्षं लागतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पंधराव्या वर्षी पाळीत लोळण घेणारी मुलगी पंचविशीत पोचते, तरी हाती काही नाही. मधल्या काळात तिला काय ऐकवलं जातं, ते सगळ्या जणींना पाठ आहे. पाळीत दुखणारच. लग्न झालं की थांबेल. मूल झालं की थांबेल.

यात सोनोग्राफीचा रिपोर्ट भर घालतो. ओव्हरीतली चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) सोनोग्राफीत दिसते, पण पोटाच्या आतल्या पडद्यावरचे बारीक ठिपके बहुतेक वेळा दिसत नाहीत. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ येतं आणि विषय मिटतो. दुखणं तसंच. खरं तर युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दुर्बीण घालून खात्री करेपर्यंत थांबायची गरज नाही, लक्षणांवरून औषधं सुरू करता येतात. पण त्यासाठी लक्षणं नीट विचारावी लागतात, आणि विचारायला वेळ लागतो.

जास्त रक्तस्रावाचंही तेच. जुन्या पुस्तकात एका पाळीला ८० मिलिलिटरची रेषा होती, त्यापुढे गेलं की जास्त. घरी मिलिलिटर कोण मोजतं? रात्री पॅड बदलायला उठावं लागतं का, मोठ्या गाठी पडतात का, त्या दिवसांत बाहेर पडणं टाळता का, एवढं विचारलं तरी पुरे. हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं १९९० पासून आहेत, फायब्रॉइडचा (गर्भाशयातल्या साध्या गाठीचा) रक्तपुरवठा बंद करायचा उपाय १९९५ पासून. तरी पर्याय नीट समजावण्याआधीच ‘पिशवी काढून टाका’ ऐकावं लागलेल्या बायका आहेत. पिशवीबरोबर तरुण वयात दोन्ही ओव्हरीही गेल्या की हाडांचं आणि हृदयाचं दुखणं मागे लागू शकतं, हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळून काय उपयोग?

आणि वेदना! कॉपर-टी बसवताना गर्भाशयाचं तोंड चिमट्याने पकडतात. ‘थोडं टोचेल’ म्हणतात आणि बाई टेबलाची कड घट्ट धरून छताकडे बघत पडून राहते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने वेदनाशमनाबद्दल आधीच बोला, असं स्पष्ट सांगितलं ते २०२४ मध्ये. म्हणजे कालपरवा.

हे असं का होतं? माझ्या मते हा विभाग प्रसूतीभोवती उभा आहे. जगात सिझेरियनचं प्रमाण १९९० मध्ये ७ टक्के होतं, २०२१ पर्यंत ते २१ टक्क्यांवर गेलं. लेबर रूममधून बोलावणं आलं की डॉक्टरला उठावंच लागतं, त्यात चूक काहीच नाही. पण बाहेर बाकावर बसलेल्या, वर्षानुवर्षं अंगावर काढलेल्या बाईच्या वाट्याला मग पाच मिनिटं येतात.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं चित्र त्या मानाने आशादायक आहे. लस २००६ पासून आहे, आणि एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीचा नमुना बाई आता स्वतःच घेऊ शकते. जिथे ठरवून काम झालं तिथे फरक पडला.

जुनाट दुखणं आणि रक्तस्राव यांच्यासाठी आठवड्यातून एक वेगळी ओपीडी ठेवा, लेबर रूमची ड्युटी नसलेला डॉक्टर आणि प्रशिक्षित नर्स द्या. आणि केसपेपरवर दोन रकाने वाढवा: त्रास कधी सुरू झाला, निदान कधी झालं. वर्षाअखेरीस किती ऑपरेशनं केली हे जसं छापता, तसंच या दोन तारखांमधलं अंतरही छापा.