काही व्हत नही, आप्पा

आप्पा, आजोबांनी नाल्यावर घातलेलं मातीचं धरण आता तुमच्या नावावर आलं. अभिनंदन. इतकी वर्षं उभं आहे म्हणजे पुढेही उभं राहील, हा हिशोब खानदेशात सगळ्यांना मान्य आहे. तेव्हा त्याच्यावर रुपया घालू नका. केळीला पोटॅश घाला, ते घडात दिसतं तरी.

आधी कायद्याचं. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना लागतो, आणि 10 ते 15 मीटरच्या धरणांना काही अटी बसल्या तर. तुमचं जेमतेम 7 मीटर, म्हणजे त्या कायद्याच्या लेखी ते धरणच नाही. खालच्या वस्तीला हे एकदा नीट समजावून सांगा. जे धरणच नाही ते फुटणार कसं?

भरावावर बाभळी, निंब खुशाल वाढू द्या. शेळ्यांना सावली होते. पुढे लाकडाला भाव आला की खोड तेवढं तोडा, मुळं आत कुजू द्या. त्यांच्या पोकळीतून पाण्याला आयती वाट मिळते. घुशींची बिळं बुजवू नका, पाप लागतं. पाण्याकडच्या उताराचे पिचिंगचे, म्हणजे लाटांनी माती खचू नये म्हणून रचलेले, दगड गोठ्याच्या जोत्याला छान बसतात. मे महिन्यात काळी माती फाटून माथ्यावर भेगा पडल्या तर पडू द्या, पहिल्या पावसात आपोआप मिटतात. तो पाऊस आधी त्या भेगांतूनच आत शिरतो, ही गोष्ट वेगळी.

खरी कमाई मात्र सांडव्यात आहे. पुराचं जादा पाणी बाजूने काढून देणारी ही वाट वर्षातले बहुतेक महिने कोरडी असते. एवढी जागा रिकामी कशाला? कडब्याची गंजी रचा, ट्रॉली उभी करा. सांडव्याच्या तोंडावर हातभर भिंत घातली तर पाणीही वाढतं, उन्हाळ्यात केळीचं आणखी एखादं भरणं निघतं. पाणी आणि माथा यांच्यात इंजिनिअर अंतर राखतात ते निव्वळ भित्रेपणामुळे. मासेमारी ठेक्याने दिली असेल तर ठेकेदाराला तिथे जाळी ठोकू द्या. मासे वाहून गेले तर ठेक्याचे पैसे कोण देणार? पहिल्या पुराबरोबर पऱ्हाट्या, पालापाचोळा, एखादं ओंडकं येऊन त्याच जाळीला बसतं. मग पाणी माथ्यावरून जातं. दगडी धरण ते एखादवेळी सोसतं, मातीचं नाही. खालचा उतार खरवडत धार मागे सरकते आणि बाकीचं काम काही तासांत उरकतं. मजुरीही लागत नाही.

पायथ्याशी भर एप्रिलमध्ये हिरवं गवत दिसलं तर म्हैस सोडा. झिरपा नितळ असेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवा आणि गढूळ झाला की समजा आतली माती वाहतेय, असं जाणकार सांगतात. तुम्ही म्हणा, गाळ काढायचा खर्च वाचला.

एवढं करूनही एखाद्या आषाढात काही झालंच, तर उत्तर तयार हवं. 2019 च्या जुलैत कोकणात तिवरे धरण फुटलं, तेव्हा मंत्रिमहोदयांनी खेकड्यांवर ठपका ठेवला होता. तुमच्या नाल्यात खेकडे पुरेसे आहेत ना, ते उन्हाळ्यातच बघून ठेवा. कमी असतील तर चार आणून सोडा.