रोटरी इंजिन कुणी दाबलं नाही, ते सीलपाशी अडलं

एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय, की रोटरी इंजिन जपानच्या माझदा कंपनीने शोधलं, त्यात फिरणारा भाग एकच, स्ट्रोक वगैरे भानगडच नाही, आणि ते इतकं भारी होतं की बड्या कंपन्यांनी दाबून टाकलं, 1991 ला ले मांची 24 तासांची कार शर्यत जिंकल्यावर तर बंदीच घातली. मला हे इंजिन जिवापाड आवडतं, म्हणूनच हे वाचून राहवलं नाही.

माझदाने शोधलेलं नाही. जर्मनीच्या फेलिक्स वांकेलचं पहिलं इंजिन एनएसयू कंपनीत फेब्रुवारी 1957 मध्ये चाललं. त्यात रोटरसोबत, म्हणजे आतल्या फिरत्या भागासोबत, बाहेरचं हाउसिंग म्हणजे कवचही फिरायचं, साधा स्पार्क प्लग बदलायचा तरी इंजिन खोलावं लागायचं. हाउसिंग स्थिर ठेवायचं डिझाइन एनएसयूच्याच हान्स डिटर पाश्केचं, आणि त्या माणसाचं नाव कुणी घेतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्ट्रोक चारही आहेत. तिकोनी रोटरचे तिन्ही कोपरे कायम भिंतीला टेकलेले, त्यामुळे तीन चेंबर होतात आणि फिरता फिरता लहानमोठे होत इनटेक, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट सगळं उरकतात. रोटरच्या एका फेरीत एक्सेंट्रिक शाफ्टच्या, म्हणजे रोटर ज्या दांड्याला फिरवतो त्याच्या, तीन होतात, म्हणजे मीटरवर 9000 आरपीएम असताना रोटर 3000 नेच फिरतोय. तेव्हा भाग एकच हेही चूक, व्हॉल्व्ह आणि कनेक्टिंग रॉड नाहीत एवढंच खरं.

आता दाबून टाकल्याचं. अहो, जनरल मोटर्सने 1970 मध्ये लायसन्ससाठी 5 कोटी डॉलर कबूल केले, दाबायचं असतं तर एवढा पैसा कोण ओतेल? गाडं अडलं एपेक्स सीलवर. रोटरच्या कोपऱ्यातली ही काही मिलिमीटर जाडीची पट्टी भिंतीवर सतत घासत राहते, माझदाच्या सुरुवातीच्या इंजिनांत तर ती थरथरून आतल्या भिंतीवर ओळीने ओरखडे पडायचे, तिथले इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. माझदाच्याच केनिची यामामोतोंच्या टीमने कार्बन-ॲल्युमिनियमचं सील करून ते सोडवलं, मग 1967 ला कॉस्मो स्पोर्ट ही त्यांची रोटरी गाडी विक्रीला आली. त्याच वर्षीच्या एनएसयू रो 80 या गाडीचे सील मात्र जात राहिले आणि वॉरंटीत इंजिनं बदलून देताना कंपनी पार खचली. त्यात चेंबर लांबट, उष्णता भिंतींत जाते, थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, आणि 1973 च्या तेलसंकटात असं खादाड इंजिन कोण घेणार?

ले मांचं म्हणाल तर 3.5 लिटर पिस्टन इंजिनांचा नियम माझदाची 787बी ही रोटरी गाडी जिंकण्याआधीच ठरलेला होता.