तगरीवरच्या त्या अळीबद्दल

नमस्कार. माझ्या आधीच्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. ऑलिअँडर हॉक मॉथला मी कण्हेरीवरचा पतंग म्हटलं, पण तुमच्या अंगणात कण्हेर औषधालाही नाही आणि तगर मात्र बोडकी झाली. फोटोतला हिरवा-गुलाबी पतंग इथला वाटत नाही. आणि या पतंगाच्या, शेपटीला काटा असलेल्या अळीला निरुपद्रवी म्हणणं घरात लहान मुलं असताना बेजबाबदारपणाचं आहे.

कण्हेर, तगर, सदाफुली एकाच कुळातल्या, आणि मादी तिन्हींवर अंडी घालते. सोसायट्यांच्या आवारात तर मला ही अळी तगरीवरच जास्त दिसते. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८मध्ये पतंगाला नाव दिलं ते कण्हेरीवरून; युरोपात ही अळी मुख्यतः कण्हेरीवरच सापडते. खरं तर तिकडेच हा पतंग पाहुणा: कडक थंडी सोसत नाही, पण उन्हाळ्यात दक्षिणेकडून उडत पार ब्रिटनपर्यंत जातो. आफ्रिकेपासून भारत, आग्नेय आशियापर्यंत मात्र तो घरचाच. पंख पसरले की १० सेंटिमीटरच्या आसपास भरतो, तरी दिवसा पानांत बसला की नजरेला येत नाही.

आता काटा. तो मऊ असतो, त्यात ना नांगी ना विषाची ग्रंथी. खाज सुटते ती केसाळ सुरवंटांमुळे, आणि हिच्या अंगावर केस नाहीत. काडीने हलकेच डिवचून बघा: डोकं आत ओढून घेते, पुढचा भाग फुगतो आणि काळ्या कडेचे दोन निळे-पांढरे डोळे वटारल्यासारखे दिसतात. तेही खोटे, नुसते ठिपके. एवढंच तिचं शस्त्र. मुलांना जपायचंच असेल तर कण्हेरीच्या पानांपासून जपा. त्यांतलं ऑलिअँड्रिन हे विष थेट हृदयावर परिणाम करतं.

फवारणीचं म्हणाल, तर बोटाएवढी जाड अळी दिसेपर्यंत तिचं खाणं संपत आलेलं असतं. मग ती तपकिरी पडते आणि कोषासाठी पाचोळा शोधत खाली उतरते. तेव्हा औषध मारून उपयोग काय? त्यापेक्षा झाडाखालच्या फरशीवर काळपट लेंड्या दिसल्या, की नेमक्या वरच्या फांदीची पानं उलटून बघा आणि लहान अळ्या हाताने उचला. बोडक्या तगरीला पाणी चालू ठेवा, पालवी फुटेल. फुलं मात्र लगेच मागू नका.