विंडोजचे अपडेट कायमचे बंद करण्याच्या सल्ल्याविषयी

विंडोजचे अपडेट संगणक मुद्दाम संथ करतात, त्यांच्यामुळे एसएसडी (फाइल्स साठवणारी, फिरती चकती नसलेली डिस्क) निकामी होते, २०२४ च्या जुलैत विमानतळ ठप्प झाले तेही अशाच अपडेटमुळे आणि चांगला अँटिव्हायरस असेल तर अपडेटची गरजच उरत नाही. तेव्हा ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘विंडोज अपडेट’ कायमचे बंद करा, असा एक मजकूर व्हॉट्सॲपवर गटागटांतून फिरतो आहे. तो वाचून घरातल्या ज्येष्ठांचे संगणकही असेच उघडे पाडले जात आहेत, म्हणून हे सविस्तर उत्तर.

अपडेटनंतर संगणक काही काळ मंदावतो, हे खरे आहे. त्या वेळी टास्क मॅनेजर (संगणकावर काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी) उघडला तर ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ हा प्रोग्राम राबताना दिसतो. तो नव्या फाइल्स जागेवर बसवत असतो आणि काम संपले की थांबतो. शेजारच्या काकूंचा लॅपटॉप मात्र चार दिवस झाले तरी रखडत होता. पाहिले तर आत फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क, तिच्या वापराचा आकडा सतत १०० टक्क्यांवर आणि सी ड्राइव्हवर जेमतेम ३ जीबी जागा. नातीच्या बारशाचे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवले, स्टोरेज सेटिंग्जमधून टेम्पररी फाइल्स काढल्या आणि लॅपटॉप रात्रभर चार्जरला लावून चालू ठेवला. सकाळी अपडेट पूर्ण झालेला होता.

एसएसडीची अफवा ऑगस्ट २०२५ मधली आहे. विंडोज ११ च्या केबी५०६३८७८ या अपडेटनंतर मोठ्या फाइल्स सलग लिहिताना ड्राइव्ह नाहीसा होतो, अशा तक्रारी जपानमधून सुरू झाल्या आणि जगभर पसरल्या. ज्यांच्या कंट्रोलर चिपवर (ड्राइव्हचे काम चालवणाऱ्या चिपवर) ठपका आला त्या फायसन कंपनीने ४,५०० तासांहून अधिक चाचण्या केल्या, तरी तो बिघाड पुन्हा घडवता आला नाही; मायक्रोसॉफ्टलाही तपासात अपडेटशी संबंध आढळला नाही.

१९ जुलै २०२४ च्या गोंधळाचे कारण तर विंडोजचा अपडेट नव्हताच. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीची एक सदोष फाइल त्या सकाळी कार्यालयांतील संगणकांवर उतरली आणि सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडून बिघाड दाखवणाऱ्या निळ्या पडद्यावर अडकली. भारतात प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या यंत्रांवर विंडोज अपडेट बंद असता, तरी काही फरक पडला नसता, कारण ती फाइल वेगळ्याच वाटेने आली होती.

अँटिव्हायरसचा मुद्दा सर्वांत धोकादायक आहे. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधील एक भगदाड बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिला होता. १२ मे रोजी, म्हणजे ५९ दिवसांनी, वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस नेमका त्याच भगदाडातून घुसला आणि कोणी लिंक न उघडता, कोणती फाइल न चालवता, एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरत गेला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या लेखापरीक्षकांनी नोंदवला आहे. तिथे बाधित झालेल्या संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होते. त्यांच्यासाठी अपडेट उपलब्ध होता, फक्त तो बसवलेला नव्हता. अँटिव्हायरस व्हायरस ओळखण्याचा प्रयत्न करतो, पण भिंतीतले भगदाड बुजवणे हे अपडेटचेच काम आहे.

अपडेट कधीच चुकत नाहीत, असे मात्र मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीने काही जणांच्या फाइल्स पुसल्या, मायक्रोसॉफ्टला ती काही दिवसांतच थांबवावी लागली आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा द्यावी लागली. अशी भीती वाटत असेल तर महत्त्वाच्या फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी आणि सेटिंग्जमधील ‘पॉज अपडेट्स’ वापरून अपडेट आठवडाभर पुढे ढकलावा. मासिक सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा येतात. त्यांत काही मोठा दोष असेल तर तो बहुधा तेवढ्या दिवसांत उघडकीस येतो. बसवल्यानंतर त्रास झालाच, तर ‘अपडेट हिस्टरी’मध्ये ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ हा पर्याय आहे. तिथून तेवढा एकच अपडेट काढता येतो आणि बाकीचे चालू राहतात.