राणीचं तोंड काळं

दिवाळी जवळ आली की बाकीच्या कोल्हापूरकरांना टेन्शन असतं चकलीच्या भाजणीचं, मला असतं राणी व्हिक्टोरियाचं. आमच्यात लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये मांडतात, इंग्रजांच्या राणी-राजांच्या छापाचे, पणजोबांपासूनचे, आणि वर्षभर त्यांची थप्पी रबर बँड घालून कपाटात. रबर कुणी घातलं हे घरात आजवर कुणी कबूल केलेलं नाही. पण रबरात गंधक असतं, चांदी गंधकाला लागली की काळी पडते, म्हणून सगळ्यात वरच्या नाण्यावरच्या राजा एडवर्डच्या गालावरनं कानापर्यंत सरळ काळी रेघ आलीय, कुणीतरी वस्तरा मारल्यासारखी. बाकीच्यांना नुसती हवाच पुरते, आणि त्यावर दरसालचं दूध, हळदकुंकू! राणीच्या केसांच्या वळणात कुंकू असं घट्ट बसलंय की बाई सवाष्ण वाटते.

घासायचं माझ्याकडं आणि सल्ले सगळ्यांकडं. आई म्हणाली चिंच लाव. मी म्हटलं आई, चिंच तांब्याच्या कलशाला. तर "तुला कधी कळायला लागलं रे भांड्यातलं?" आत्तीचा फोन, "रांगोळी घे आन् घास की जोरात, आमच्यात तसंच करत्यात." बायकोनं रील बघितलेलं, टूथपेस्ट. आणि मिसळ खाताना मित्राला सांगायची चूक झाली, तो लगेच, "दे हिकडं, गाडीच्या पॉलिशनं कशी चमकवतो बघ, नाद खुळा!"

रंकाळ्यावर फिरायला नाणी गोळा करणारे एक काका भेटतात, त्यांना हे सगळं सांगितलं तर ते चालायचेच थांबले. "अहो घासताय काय! रुपया म्हणजे बरोब्बर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी, तुम्ही घासणार म्हणजे चांदीच जाणार, वरची नक्षी सपाट झाली की गिऱ्हाईक हात लावत नाही." काळपटपणा म्हणे पॅटिना, त्याची किंमत असते. मी हळूच म्हटलं आमच्याकडं १८६२ चा आहे. घरी त्या आकड्यावर आम्ही उड्या मारत होतो, बायकोनं मनात फ्रिज बदलून टाकला होता. काका म्हणाले १८६२ हा आकडा टाकसाळीनं तसाच ठेवला आणि १८७४ पर्यंत नाणी पाडत राहिले. फ्रिज गेला.

घरी येऊन पॅटिना समजावून सांगितला. आई म्हणाली, "अवस बाहेर आहे तेवढी बास, ताटात नको."

शेवटी तडजोड झाली. राणीला फक्त कोमट पाणी आणि साबण, कुंकू निघेल तेवढं मऊ ब्रशनं, घासायचं नाही, टिपायचं. बाकीच्यांना फॉईल. काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियम फॉईल, वर नाणी (फॉईलला टेकली पाहिजेत, नाहीतर नुसती आंघोळ), खायचा सोडा, थोडं मीठ आणि वरनं उकळतं पाणी. फस्सकन बुडबुडे आले आणि चांदीवरचं गंधक सुटून ॲल्युमिनियमकडं जायला लागलं, म्हणजे चांदी कमी होत नाही, काळ्याची परत चांदीच होते. नाणं बाहेर काढलं तर एडवर्डची रेघ गेलेली आणि फॉईल काळं, मी खरंच ओरडलो. पण वास! सडक्या अंड्याचा! ऐन दिवाळीत, शेजारी चिवड्याची फोडणी चाललेली आणि आमच्या स्वयंपाकघरातनं हा दरवळ, आत्ती नेमकी तेवढ्यात आली, "अगं बया, सणासुदीचं अंडी कुणी उकडली?"

१९४५ चे दोन रुपये तेवढे मख्ख राहिले. युद्धाच्या काळात, १९४० पासून, सरकारनं रुपयात चांदी निम्मीच ठेवली, बाकी तांबं, निकेल, जस्त, त्यामुळं त्यांच्या तोंडावर तेज येईना ते येईना. आई म्हणाली हे दोन खोटे दिसतात, मागं ठेव.

पूजा झाली, ताट चकाकलं आणि बातमी अपार्टमेंटभर. पाडव्याला बेल वाजली, दारात समोरच्या वहिनी, हातात हुपरीचे घुंगरांचे पैंजण, जोडवी, छल्ला, करंडा आणि वर सासूबाईंचा कंबरपट्टा. "भावजी, तुम्ही कायतरी फॉईलचं करता म्हणे? एवढं जरा बुडवून द्या की."

मी म्हटलं वहिनी, पैंजणात खडे आहेत, ते निघतील, गुजरीत सराफाकडं टाका.

"मग खडे सोडून बाकीचं बुडवा," म्हणाल्या आणि पिशवी ठेवून गेल्या.